रुंद काच

आमच्याकडच्या गाड्याच्या शर्यतीत दोन गाडे शेजारी पळत नाहीत. एक जोडी, एक रिकामा गाडा, आणि शिट्टीपासून शिट्टीपर्यंत एक मिनिट. तेवढ्यात जोडी किती लांब गेली ते फितीने मोजतात. गाडीवान डाव्या अंगाने कासरा धरून पळतो. पराणी, चाबूक, खिळा, काही चालत नाही. जिभेने आणि हाताच्या थापेने काय करायचं ते करा. आणि धाव संपली की पंच धुतलेलं पांढरं फडकं घेऊन दोन्ही बैलांच्या पाठीवरून, पुठ्ठ्यावरून फिरवतात. फडकं मळलं तर चालतं. लाल झालं की धाव बाद.

माझ्या जोडीची धाव बाद झाली तेव्हा फडक्यावर मसुराएवढा डाग होता.

धाव सगळ्यांत लांब होती. दुसऱ्या नंबरच्या जोडीला आम्ही चांगले आठ हात मागे टाकलं होतं. मुख्य पंच म्हणजे जवळच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी ते फडकं झेंड्यासारखं उंच धरलं आणि भरल्या माळावर जाहीर केलं, "गाडीवानाच्या हातात खिळा होता. पुन्हा असं दिसलं तर ह्या तालुक्यात त्याच्या हाती कासरा द्यायचा नाही."

गाडीवान म्हणजे आमचे मामा. नात्याचे नव्हेत. बाजारकुणंगकडच्या रानातले कुणबी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी नंदिगड्ड्याहून चड्डीवर निघालो आणि लाकडं ओढणाऱ्या गाड्यांवर हमाल म्हणून लागलो, तेव्हा ओंडका कसा चढवायचा आणि बैलाशी कसं बोलायचं हे ह्याच माणसाने मला शिकवलं. पुढे माझे स्वतःचे गाडे झाले, जगलबेटला वखार झाली आणि मामा माझ्याकडे आले. बैलाला त्यांनी कधी शिवी दिलेली मी ऐकली नाही. मला मात्र दिलेल्या आहेत.

मी तिथल्या तिथे मास्तरांना गाठलं. "डाग उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर आहे. मामा डाव्या बाजूला. त्यांचा हात काय रबराचा आहे?"

"माणसाचा हात लांब असतो," मास्तर म्हणाले आणि फडकं घडी करून खिशात घातलं.

हा काय जबाब झाला? मी छत्री आपटली, आवाज चढवला, चार गाडेवाल्यांना साक्षीला ओढलं. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. सगळे आपापल्या बैलांच्या शेपट्यांकडे बघत उभे.

त्या दिवसापासून शर्यतीच्या दिवसांत मामांना कुणी बोलावेना. पूर्वी चार चार मालक त्यांच्या दारात यायचे. बाजारात पोरं मागून "खिळा, खिळा" ओरडायची. मामा काही बोलत नसत. मीच बोलत असे, आणि पुष्कळ बोलत असे. त्या मास्तरला खोटं पाडल्याशिवाय राहायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण तोंडाने खोटं पाडता येत नाही, हे लाकडाच्या धंद्यात मी शिकलो होतो. ओंडका पोकळ आहे म्हणून कितीही भांडा. कापून दाखवला की भांडण संपतं.

कापून दाखवायचं साधन मला मडगावात दिसलं. गोवा आपल्यात येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तिनईघाट स्टेशनात आगगाडीत बसलं की घाट उतरून सरळ मडगाव. तिथल्या एका दुकानात जुना परदेशी माल मिळे: घड्याळं, रेडिओ आणि चावीचे सिनेमा कॅमेरे. मी गेलो होतो करवतीच्या पात्यासाठी. दुकानाच्या काचेत ती यंत्रं बघून पात्याचं विसरलो.

दुकानदाराने आधी सगळ्यांत देखणं यंत्र काढलं. पुढे तीन भिंगं, फिरवली की पाळीपाळीने समोर येत. तो 'बघा मालक' अशा सुरात म्हणाला, "पात्रांव, हें पळय. लग्नाक बरें, बारशाक बरें."

"गाडा पळवायला?"

"कसलो गाडो?"

"बैलांचा."

तो हसला. "बैलांचें लग्न काय?"

मी त्याच्याकडून चावी घेऊन यंत्राला भरली, बटण दाबलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. आत फिल्म नव्हती, पण यंत्र घरघरत होतं. अर्ध्या मिनिटाच्या आतच ते मंदावलं आणि थांबलं. माझी शर्यत पुऱ्या मिनिटाची. ह्याचे डोळे तीन, पण दम नव्हता. बैल घेतानासुद्धा लोक शिंगांकडे बघतात. मी आधी चढावर चालवून बघतो.

दुसरं यंत्र खिशात मावेल एवढं होतं. तेही लवकर थकलं. अशी पाच बघितली. दुकानदार कपाळाला हात लावून बसला. शेवटी मी छत्रीच्या टोकाने खालच्या फळीवरचं एक काळं धूड दाखवलं. विटेएवढं जड, वरचं कातडं झिजलेलं, भिंग एकच. चावी भरताना मनगट दुखलं. पण बटण दाबलं तर मिनिट झालं, सव्वा मिनिट झालं, तरी त्याचा सूर बदलला नाही. शिवाय त्याचं बटण दाबून बाजूला सरकवलं की अडकून राही. हात काढून घेतला तरी यंत्र चालूच. चालत्या गाड्यावर कोण बोट लावून बसणार? हेच पाहिजे होतं.

"हें जुनें," दुकानदार म्हणाला. "तुका हें कित्याक?"

माल चांगला असला की विकणारा 'तुला हे कशाला' असंच म्हणतो. मी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या हातावर टाकलं आणि बैलबाजाराच्या रीतीने खालून त्याची बोटं धरली. भाव असाच बोटांनी सांगायचा असतो, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. त्याने दचकून हात ओढून घेतला. "पात्रांव, हांगा दुसरें कोण ना!" खरंच दुकानात आम्ही दोघेच होतो. मग तोंडाने भाव केला. जेवणाची वेळ टळून गेली तरी केला.

भाव ठरल्यावर त्याने भिंग लावून दाखवलं. मी डोळा लावला. समोरच्या माणसाचं नाक-तोंड दिसलं, हात दिसेनात. मला तर गाड्याच्या तोंडाशी बसवलेल्या यंत्रातून दोन्ही बैल, दोन्ही बाजू आणि गाडीवानाचा हात एकदम दिसायला हवा होता. त्याच्याकडे रुंद बघणारी एक काच होती, पण ती वेगळी विकायची होती. "रुंद काच नाही तर यंत्र नको," मी म्हटलं. "ह्यात काही सुटता कामा नये." पायरी उतरून रस्त्यावर गेलो तेव्हा त्याने हाक मारली. शेवटी काच घेतली, आणि वर, भाजीवर कोथिंबीर घ्यावी तशी, हाताने फिरवायची एक छोटी पेटी घेतली. धुतलेली फिल्म तिच्यात घालायची, उजेडाकडे धरायची, एका भोकाला डोळा लावून दांडी फिरवायची. आमच्या वखारीत वीज नव्हती. ही पेटी नसती तर माझा पुरावा डब्यातच राहिला असता.

यंत्र घेऊन आलो आणि मामांना दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

"मालक, ह्या वर्षी नको वो."

"का नको? तुमचा हात साफ आहे ना?"

"हात साफ हाय."

"मग?"

"नको म्हणून सांगूलो."

मला राग आला. म्हटलं, "तुम्ही गप्प बसता म्हणून तो मास्तर शेफारलाय. मी गप्प बसणार नाही. कासरा तुम्हीच धरायचा." मामा बैलांना पाणी दाखवायला गेले.

आता यंत्र बसवायचं कुठे? रिकामा गाडा पळतो तेव्हा चाकांची लोखंडी पट्टी दगडावरून उडते आणि साट्यावर, म्हणजे गाड्याच्या फळ्यांवर, ठेवलेली विळीसुद्धा नाचते. फिल्म खर्चून बघणं परवडणारं नव्हतं. ती मुंबईला धुवायला पाठवायची, परत यायला महिना-दीड महिना. मी वेगळी युक्ती केली. यंत्राच्या जागी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या बांधायचा, गाडा पळवायचा आणि उरलेलं पाणी बघायचं. जिथे पाणी जास्त उरेल ती यंत्राची जागा.

जुवावर बांधला तर तांब्या रिकामा. बैलांच्या मानेबरोबर तो वरखाली होत होता. दांडीवर पाव भाग उरला. साट्याच्या पुढच्या फळीवर अर्धा. तेवढ्यावर मी थांबलो आणि फणसाच्या लाकडाची पेटी करून घेतली. पुढे भिंगापुरतं भोक, वर बटणापुरतं. मग माझ्या हातून गाडेवाल्याची चूक झाली. आम्ही गाड्याचं काहीही पक्कं करायचं असेल तर कच्च्या कातड्याची वादी भिजवून आवळतो. वाळली की ती लोखंडासारखी बसते. मी यंत्रालाच ओल्या वादीचे चार वेढे दिले आणि उन्हात ठेवलं. संध्याकाळी चावी फिरेना. वादीने आवळून यंत्राचं झाकण आत दाबलं होतं. वादी कोयत्याने कापली तेव्हा झाकण टणकन उघडलं आणि आणलेल्या दोन फिल्मांतली एक उजेडात पडून वाया गेली. ज्याने वादी आणून दिली त्याला मी नको नको ते बोललो. आवळायला मीच सांगितलं होतं.

झाकण ठोकून सरळ केलं, पण एका बाजूला केसाएवढी फट राहिली. जुन्या छत्रीचं काळं कापड कापून तिथे चिकटवलं. काळोख ठेवायला छत्रीच्या कापडासारखं कापड नाही.

अर्ध्या तांब्याचा अडाणीपणा मामांनी घालवला. मी पाचव्यांदा गाडा पळवायला लावला तेव्हा ते म्हणाले, "बाया डोक्यावर दोन दोन घागरी घेऊन चढ चढत्यात. पाणी सांडतं काय?"

"नाही."

"मग? डोस्क्यावर काय असतं?"

चुंबळ. मी कपाळावर हात मारला. भाताच्या पेंढ्याची जाड चुंबळ वळली, तिच्यावर पेटी बसवली आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी फळीला बांधली, ताणेल पण सुटणार नाही अशी. तांब्या भरून ठेवला. मामांनी जोडी पूर्ण पळवली. परत आले तेव्हा तांब्यात पाणी दोन बोटं कमी होतं, बस्स. मामा हसले. वर्षभरात पहिल्यांदाच. म्हणाले, "आता तुमचं यंत्र पाणी भरूदे."

शर्यतीच्या दिवशी माळावर माझ्या पेटीभोवती ही गर्दी. कुणी म्हणालं, आत साप आहे. एका म्हाताऱ्याने भोकासमोर उभं राहून मिशा सारख्या केल्या. मी मास्तरांना सगळ्यांदेखत सांगितलं, "आज फडकं काय म्हणेल ते म्हणू दे. हे यंत्र गाडीवानाचा हात बघणार आहे. ह्यात काही सुटत नाही."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "काही सुटत नाही?"

"काही नाही."

"बरं तर."

आमच्याकडे मालकाला एक मान असतो. शिट्टी झाली की पहिली दहा पावलं त्याने बैलांबरोबर पळायचं, आरोळी द्यायची आणि बाजूला व्हायचं. मी चावी पूर्ण भरली, बटण दाबून अडकवलं, पेटी घरघरायला लागली. उजव्या बाजूला येऊन उभा राहिलो. शिट्टी झाली, मी आरोळी दिली, आणि जोडी अशी सुटली की मातीचा लोट माझ्या तोंडावर आला. धाव मोजली. पुन्हा सगळ्यांत लांब.

मग मास्तरांनी फडकं फिरवलं. उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर. डाग होता. गेल्या वर्षापेक्षा लहान, पण लालच.

मी ओरडायच्या आत मास्तरच म्हणाले, "थांबा. आज मी काही जाहीर करत नाही. तुमची फिल्म येऊ दे. तोवर निकाल बंद."

ते एवढ्या सहज कबूल झाले ह्याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला नुसता आनंद झाला. मामांनी बैलाच्या पुठ्ठ्यावर हळद दाबली आणि मान वर केली नाही.

फिल्म आली त्या दुपारी मी मामांना वखारीत बोलावलं. दाराशी उजेड होता. बघायच्या छोट्या पेटीत फिल्म घातली आणि डोळा लावून दांडी फिरवायला लागलो. चित्र थरथरत होतं, पण स्वच्छ होतं. दोन पुठ्ठे, दोन शेपट्या. डावीकडे मामा. त्यांच्या एका हातात कासरा, दुसरा हात उघडा, बोटं पसरलेली. पाचही बोटं मोजता येत होती. "मामा!" मी ओरडलो, "हात साफ! बघा, हात साफ!"

"व्हय," मामा म्हणाले.

मी दांडी उलटी फिरवून पुन्हा सुरुवातीला गेलो. आणि तेव्हा उजवीकडे बघितलं. तिकडे बघायचं मला आधी सुचलंच नव्हतं. उजव्या कडेने एक माणूस आत येतो. धोतर खोचलेलं, तोंड उघडं. त्याच्या हातात मिटलेली छत्री. आरोळी देता देता तो छत्रीचं टोक बैलाच्या पुठ्ठ्यात टोचतो. एकदा. मग पुन्हा. मग चित्रातून निघून जातो.

मी दांडी मागे फिरवली. छत्री पुठ्ठ्यातून बाहेर आली. पुढे फिरवली. आत गेली.

शपथेवर सांगतो, मला हे ठाऊक नव्हतं. छत्री माझ्या हातात बारा महिने असते. तिने मी ओंडके टोचून बघतो, माणसांना वाट दाखवतो, कुत्री हाकलतो. हात तिच्याबरोबर काय करतो ह्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. वर्षभर मी ज्या मुद्द्यावर भांडलो, डाग उजवीकडे आणि मामा डावीकडे, तो मुद्दा खरा होता. उजवीकडे कोण, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"माझ्या डोळ्यांदेखत झालं."

"मग वर्षभर शिव्या खाल्ल्या, सांगितलं का नाही?"

मामा उंबऱ्यावर बसले. "तुमास्नी ठावंच न्हवतं. तुम्ही खोटं बोलत असता तर तोंडावर बोललो असतो. ज्याला ठाव न्हाई त्याला काय सांगू? तुम्ही मलाच लबाड म्हटला असता."

म्हटलं असतं. त्यात काही शंका नाही.

त्या क्षणी ती फिल्म चुलीत घालता आली असती. दुसऱ्या कुणी बघितली नव्हती. पण मी वर्षभर ज्यासाठी जिवाचं रान केलं होतं, ते मामांच्या हाताचं चित्र त्याच फिल्मवर होतं. पाच बोटं हवी असतील तर छत्रीही घ्यावी लागत होती. असला सौदा मी कधी केला नव्हता. केला. पेटी उपरण्यात बांधली आणि मामांना घेऊन मास्तरांच्या घरी गेलो.

मास्तरांनी अंगणात उन्हाकडे तोंड करून पेटी डोळ्याला लावली. बराच वेळ दांडी फिरवली, पुढे, मागे, पुढे. मग पेटी खाली ठेवली.

"छत्री," ते म्हणाले.

"छत्री. माझी. मामांचा हात साफ आहे. गेल्या वर्षीही साफ होता. तुम्ही चुकलात."

"चुकलो नाही. गेल्या वर्षी मी छत्री बघितली होती."

मी विचारलं, "मग खिळा कुठून काढला?"

"अहो, तुमच्या तोंडाला कोण लागणार? तुमचं नाव घेतलं असतं तर शर्यत तिथेच मोडली असती. गाडीवानाचं नाव घेतलं की वाद होत नाही. माळावरच्या सगळ्यांनी बघितलं होतं."

ते गाडेवाले. शेपट्यांकडे बघत उभे राहिलेले. ह्याच क्षणी माझा खरा राग सुरू झाला, आणि तो अजून गेलेला नाही. छत्री मी मारली, कबूल. पण बघून न बघितल्यासारखं करून गरीब माणसाच्या कपाळी खिळा ठोकला तो ह्यांनी. आणि माझ्या तोंडाला भिऊन ठोकला, म्हणजे तोही माझाच. हे दोन्ही मला एकदम गिळावं लागलं.

पण मी सौदा करायला गेलो होतो. म्हटलं, "मास्तर, ज्या माळावर खिळा म्हणालात, त्याच माळावर, त्याच आवाजात, मामांचा हात साफ होता म्हणून सांगायचं. दोन्ही वर्षांचा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"ही पेटी घेऊन मी खानापूर ते हल्याळ प्रत्येक शर्यतीला बसेन. येईल त्याला दाखवेन. माझी छत्री दाखवेन, आणि ती बघून तुम्ही काय केलंत तेही सांगेन. मला लाज नाही, सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

मास्तरांनी मामांकडे बघितलं. त्यांना काय वाटतं हे वर्षात पहिल्यांदाच कुणीतरी विचारल्यासारखं. मामा म्हणाले, "मास्तर, बोला. मोठ्यानं बोला. पोरं मागं बसत्यात, त्यास्नी ऐकू जात न्हाई."

मास्तर बोलले. पुढच्या बाजाराच्या दिवशी माळावर गाडेवाल्यांना जमवून, मोठ्याने. माझी धाव बाद केली आणि माझ्या जोडीला एक वर्ष बंदी घातली. मी त्यावरही घासाघीस करून बघितली, सवयीने. उपयोग झाला नाही.

बंदीच्या वर्षी दुसऱ्या एका मालकाने मामांना बोलावलं. जाण्यापूर्वी ते वखारीत आले आणि चुंबळ, पेटी आणि यंत्र मागितलं.

"दुसऱ्याच्या गाड्यावर?" मी म्हटलं.

"व्हय. रुंद काचेसकट. त्यो मालक पण बाजूनं पळतोय."

मी स्वतः जाऊन पेटी त्या गाड्याच्या फळीला बांधली, चावी भरली, बटण अडकवलं आणि बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. डोक्यावर कडक ऊन होतं. छत्री मी घरी ठेवली होती. शिट्टी झाली तशी माझी आरोळी आपोआप निघाली, आणि उजवा हात पुढे गेला. मुठीत काही नव्हतं. शेजारच्या गाडेवाल्याने माझ्या मुठीकडे बघितलं, आणि ह्या खेपेला मान फिरवली नाही. मोठ्याने हसला.

मी त्याला शिवी दिली. पण मूठ उघडली.